लेकरांची पहिली शाळा : घरचे शिवार

घरात पाच-सहा वर्षांचे लेकरू असेल तर आज त्याला सहज विचारून पाहा, “बाळ, पळसाला पाने किती?” कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, ही म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. पण लेकराने कधी पळसाच्या डहाळीला हात लावून एक, दोन, तीन अशी पाने मोजली आहेत काय? पुष्कळ घरांत उत्तर ‘नाही’ असेच येईल. त्याच लेकराला जिराफ ओळखता येतो, पेंग्विन ओळखता येतो. चित्रांच्या पुस्तकात आणि मोबाईलच्या पडद्यावर त्याने ते पाहिलेले असतात. बांधावरचा पळस मात्र त्याच्या ओळखीचा नाही.

यात लेकराचा दोष नाही. पूर्वी मुले गुरांमागे जात, न्याहारी घेऊन निघालेल्या आईच्या पदराला धरून रानात जात. कोणी मुद्दाम शिकवीत नसे, पण टिटवी कुठे अंडी घालते, मुंग्या रांग लावून कुठे जातात, कोणत्या झुडपाला हात लावायचा नाही, हे सारे चालता चालता कळे. आता सकाळी मुले शाळेत जातात, आणि ते चांगलेच झाले. कोवळ्या वयात गुरे राखण्याचे दिवस पुन्हा यावेत असे कोण म्हणेल? मात्र त्या दिवसांबरोबर रानाची जी ओळख फुकटात मिळत होती तीही गेली. ती आता आपल्याला जाणून-बुजून द्यावी लागेल.

ही नुसत्या हौसेची गोष्ट नाही बरे का. पिकावरचा मावा कोणता आणि मावा खाणारा किडा कोणता, हे ज्याला ओळखता येत नाही तो दिसेल त्या किड्यावर औषध मारतो. पैसा जातो, मित्रकिडे मरतात आणि मावा पुन्हा येतो. चंद्रज्योतीच्या बिया ज्या मुलांना माहीत नाहीत ती मुले त्या शेंगदाण्यासारख्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोचतात. रान ओळखणे हे शेतकऱ्याच्या घरात अक्षर ओळखण्याइतकेच कामाचे आहे.

कुरणात भरलेली शाळा

आपल्या महाराष्ट्रात हा विचार फार पूर्वी झालेला आहे. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गावातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून या बाया शाळाच मुलांकडे घेऊन गेल्या. लेकरांच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरली ती कुरणशाळा. शिकवण्याचे साहित्य काय, तर पाने, फुले, बिया, खडे, शंख-शिंपले. मोजायचे ते बियांनी आणि रंग ओळखायचे ते फुलांवरून.

पैसा नसताना, विजेचा दिवा नसताना जे कोसबाडला जमले ते आपल्या अंगणात का जमू नये? खर्च काहीच नाही. वेळ म्हणाल तर रोज दहा-पंधरा मिनिटे. आई गवत आणायला जाते, आजोबा गुरांना पाणी दाखवायला नेतात, वडील पिकाला पाणी द्यायला जातात. त्यातल्या एका फेरीला लेकराचे बोट धरा, म्हणजे झाले.

आधी पाहू द्या, मग सांगा

लेकरू विचारते, “हे काय आहे?” आपण नाव सांगून मोकळे होतो. नाव कळले की लेकराचे पाहणे तिथेच थांबते. त्याऐवजी आपणच उलट विचारावे : याला पाय किती? हे काय खाते? काल इथेच होते काय? एकटे आहे की सोबत कोणी आहे? लेकरू वाकून पाहील, मोजील, चुकेल, पुन्हा मोजील. नाव शेवटी सांगा, आणि ते आपल्या गावात जे चालते तेच सांगा. भारद्वाजाला तुमच्याकडे कुंभारकुकडा म्हणत असतील तर कुंभारकुकडाच म्हणा. पुस्तकातले नाव पुढे शाळेत कळेलच.

उत्तर आपल्यालाही येत नसेल तर लाज बाळगू नका. “चल, आजीला विचारू,” असे म्हणावे. जगप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (१८९६-१९८७) यांची गोष्ट अशीच आहे. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कसली चिमणी, म्हणून त्यांनी मामांना विचारले. मामांना ते सांगता येईना. पण “काय रिकामे उद्योग” म्हणून त्यांनी पोराला हुसकले नाही. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे १८८३ साली स्थापन झालेल्या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेत, त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन पाठवले. तिथल्या चिटणीसांनी त्या पोराला पेटाऱ्यांतून पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी काढून दाखवले. एका मुलाचा प्रश्न मोठ्या माणसांनी मनावर घेतला, त्यातून आयुष्य घडले. मात्र बंदूक आणि गलोल यांचे दिवस गेले. १९७२ च्या कायद्याने रानपाखरांना संरक्षण आहे. मुलाच्या हातात गलोल असेल तर ती प्रेमाने काढून घ्या.

आता वर्षाच्या फेऱ्यात कधी काय दाखवावे ते पाहू.

मृगापासून पोळ्यापर्यंत

पहिला पाऊस पडला की ओल्या मातीवर मखमलीसारखा लालभडक मृगाचा किडा दिसतो. लेकराला तळहातावर घेऊ नको म्हणा, जमिनीवरच बघ आणि पाय मोज म्हणा. मुंगीचे पाय सहा, माशीचे सहा, नाकतोड्याचे सहा. आणि याचे? आठ! म्हणजे किडा म्हटला तरी हा मुंगी-माशीच्या भावकीतला नव्हे, आठ पायांच्या कोळ्याच्या भावकीतला. पाय मोजून भावकी ओळखायची ही युक्ती लेकराला एकदा कळली की ते घरभर पाय मोजीत फिरेल.

पेरणीच्या दिवसांत लेकरालाही त्याचे वावर द्या. काचेच्या पेल्यात ओले फडके बसवावे आणि फडके व काच यांच्यामध्ये मुगाचे चार आणि ज्वारीचे चार दाणे ठेवावेत. एखादा दाणा मुद्दाम उलटा ठेवा. दाणा कसाही ठेवला तरी मूळ खालीच वळते आणि कोंब वरच जातो, हे लेकराला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मुगाची दोन दळे उघडतात, ज्वारीचे एकच पान सुईसारखे वर येते, हेही दिसेल. मात्र दाणे घरच्या कणगीतले घ्या. पिशवीतले लाल, गुलाबी, निळे दिसणारे बियाणे औषध लावलेले असते. त्याला लेकराचा हात लागू देऊ नका.

सात-आठ वर्षांच्या मुलाला पाऊस मोजायला लावा. सरळ उभ्या कडांचा एक रिकामा डबा उघड्या जागी, झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर ठेवावा. रोज सकाळी एकाच वेळी शाळेची पट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर चढले ते वहीत लिहावे आणि डबा रिकामा करावा. एका एकरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे चाळीस हजार लिटर पाणी पडले, दहा हजार लिटरचे चार टँकर! हा हिशेब मुलाला सांगा. बांध का घालायचा आणि पाणी का अडवायचे, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

नांगर किंवा ट्रॅक्टर चालू असेल तेव्हा लेकराला बांधावर सुरक्षित जागी बसवा आणि मागे कोण कोण पाखरे येतात ते मोजायला सांगा. गायबगळे येतात, साळुंक्या येतात, काळा कोतवाल झेप घालून जातो. ती काय टिपतात? मातीतून वर आलेल्या अळ्या आणि किडे. फुकटची मजुरी ती! पावसाळ्यात याच पांढऱ्या गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर नारिंगी छटा चढते. तो वेगळा पक्षी नव्हे. विणीच्या दिवसांतला त्याचा पोशाख आहे.

विहिरीवर लोंबणारे खोपे

पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला, शिंदीला सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांनी या खोप्याला आपल्या गाण्यात अमर केले. लिहिता-वाचता न येणारी ती शेतकरीण डोळ्यांनी किती बारीक पाहत होती, हे त्यांच्या गाण्यांवरून कळते.

या खोप्यांचे एक गुपित सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी चिकाटीने पाहून उलगडले. खोपा विणतो तो नर, पिवळ्या डोक्याचा. तो अनेक खोपे अर्धवट विणून ठेवतो. मग मादी येते, आत-बाहेर फिरून पाहते, पारखते. पसंत पडला तर नर तो पुरा करतो, खाली नळी काढतो आणि मादी आत अंडी घालते. मग नर दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात.

हे सगळे आपल्या लेकरालाही पाहता येते. लांब बसून मोजायला सांगा : पुरे खोपे किती, टोपीसारखे अर्धवट किती? विणणारा पिवळ्या डोक्याचा आहे का? चोचीत काय आणतो? दर आठवड्याला पुन्हा मोजा. विहिरीला कठडा नसेल तर जवळ जाऊ नका, दुसऱ्या झाडावरचे खोपे शोधा. आणि दिवाणखान्यात टांगायला खोपा हवा असेल तर पिले उडून जाऊन हंगाम सरेपर्यंत थांबा. आपोआप गळून पडलेला खोपा हातात घेऊन त्याची वीण पाहण्यात फार मजा आहे.

थंडीतली पिके

रब्बीत करडईच्या शेंड्यावर मावा येतो. त्या दिवशी लेकराला एकाच झाडासमोर दहा मिनिटे उकिडवे बसवा. फवारलेल्या शेतात मात्र नाही. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या आलेल्या दिसतील. गाईला जपावे तशा त्या माव्याला जपतात. त्यातच लाल-नारिंगी, काळ्या ठिपक्यांचा वाटोळा ढालकिडा दिसेल. तो मावा खातो. त्याची अळी मात्र त्याच्यासारखी मुळीच दिसत नाही. ती काळपट, लांबट, अंगावर पिवळे-नारिंगी ठिपके असलेली, इवल्याशा सुसरीसारखी असते. पुष्कळ जण तिलाच कीड समजून चिरडतात. प्रत्यक्षात तीही माव्यावरच जगते. पानावर केसासारख्या बारीक दांडीच्या टोकावर पांढरे अंडे दिसले तर ते क्रायसोपाचे. त्याची अळीसुद्धा मावा खाणारी. सहा वर्षांच्या मुलाला हे तिन्ही ओळखता येऊ लागले तर फवारणीचा विचार करताना तेच तुम्हाला म्हणेल, “बाबा, इथे मित्रकिडे पुष्कळ आहेत, थोडे थांबू या का?”

हरभरा फुलावर आला की एक रोप मुळाभोवतालच्या मातीसकट खुरप्याने उकरून बादलीत हलक्या हाताने धुवा. मुळावर बारीक गाठी दिसतील. एक गाठ मोठ्या माणसाने चिरून दाखवावी. आतून ती गुलाबी-लालसर असेल तर तिच्यातले जिवाणू कामावर आहेत, हवेतला नत्र ओढून पिकाला देत आहेत, असे समजावे. शेजारचे ज्वारीचे ताट उपटून त्याचे मूळही पाहा. तिथे अशा गाठी नाहीत. कडधान्याचा बेवड चांगला असे आजोबा का म्हणतात, याचे उत्तर लेकराच्या मुठीत येईल.

उन्हाळ्यातले खेळ

फाल्गुनात पळस फुलतो. फूल आधी, पाने मागाहून. पानांच्या वेळी तीन दळे मोजा, बेलाचेही तीन मोजा, आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून फरक विचारा.

चैत्र-वैशाखात कोकीळ ओरडतो. ‘कुहू’ करणारा तो काळाभोर नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. ती खोपा बांधतच नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. गावातल्या कोणत्या झाडावर कावळ्याने घरटे केले आणि त्याभोवती कोकिळा घुटमळते का, यावर मुलांनी पाळत ठेवावी. कावळ्याचे घरटे अमुक झाडावर असले की पाऊस अमुक, टिटवीने उंचावर अंडी घातली की पाणी जास्त, असे जुनी माणसे सांगतात. ते खोटे म्हणून झिडकारू नका आणि खरे म्हणून डोळे मिटून घेऊही नका. मुलांना वहीत लिहायला लावा आणि पाऊस सरल्यावर पडताळा घ्या. चार-पाच वर्षांच्या नोंदी झाल्या की वहीच सांगेल.

मे महिन्यात अंगणात एक काठी ओळंब्याने सरळ रोवा. सकाळपासून तिच्या सावलीच्या टोकाला खडा ठेवत जा. दुपारकडे सावली आखूड होत जाते. आपला सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोन दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी बारा ते पाऊणच्या दरम्यान काठीची सावली नाहीशी होते. यातला पहिला दिवस मे महिन्यात येतो. कोकणाच्या दक्षिण टोकाला महिन्याच्या आरंभी, सातपुड्याकडे महिन्याच्या अखेरीस. दुसरा दिवस पावसाळ्यात येतो, तेव्हा बहुधा ढग असतात. सूर्याकडे थेट पाहू मात्र देऊ नका, सावलीच पाहायची.

एवढी काळजी घ्या

रानात पायात चप्पल-बूट असावेच. बिळात, दगडाखाली, कडब्याच्या गंजीत हात घालायचा नाही, हे पहिल्या दिवशी सांगा. साप दिसला तर जागीच थांबावे, हळूच मागे सरावे आणि मोठ्या माणसाला हाक मारावी. धामण बिनविषारी आहे, उंदीर खाणारी आहे. पण तिला ओळखण्याचे काम लेकरावर सोपवू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी साप आपल्या भागात आहेत. साप चावलाच तर कापणे, चोखणे, करकचून आवळणे यातले काहीही करू नका, झाडफुंकीत वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता लेकराला उचलून तडक सरकारी दवाखान्यात न्या, किंवा १०८ ला फोन करा.

चंद्रज्योत, धोतरा, कण्हेर, गुंज आणि एरंडाच्या बिया ही झाडे लेकराला आधी दाखवा. पाहायची, पण तोंडात घालायची नाहीत. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. फवारणी झालेल्या शेतात मुलाला काही दिवस नेऊ नका आणि औषधाचे रिकामे डबे खेळायला मिळणार नाहीत असे ठेवा. रानातून आल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावा.

घरची वही

शेवटची गोष्ट वहीची. शंभर पानी वही पुरे. लेकराने चित्र काढावे, मोठ्यांनी खाली तारीख लिहावी. लिहिता येत नसेल तर भिंतीवर गेरूची खूण करा. पावशाची ‘पेर्ते व्हा’ ही हाक पहिल्यांदा कधी ऐकली, पहिला काजवा कधी दिसला, पळस कधी फुलला, हरभऱ्यावर घाटेअळी कधी आली. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात अंगणवाडीच्या ताईंना, शाळेच्या गुरुजींना सांगून गावातल्या सगळ्या मुलांच्या वह्या एकत्र मांडा आणि आजी-आजोबांना पाहायला बोलवा. पूर्वी गावाच्या आकाशात गिधाडे किती असत, हे ती माणसे सांगू शकतील. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन ती मेली. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार गिधाडे गेली होती. कोणी तारखा लिहून ठेवल्या असत्या तर कमी होणारी गिधाडे गावोगावी आधीच ध्यानात आली असती.

आजोबांच्या डोक्यातले रान आजोबांबरोबर जाते. वहीत उतरलेले रान लेकराजवळ राहते. तेव्हा येत्या रविवारी रानात जाताना वही, पेन्सिल आणि लेकराचे बोट, तिन्ही बरोबर घ्या.